इंधनदोषामुळे नौकेचे इंजिन बंद पडणे

इंधनदोषामुळे नौकेचे इंजिन बंद पडणे म्हणजे इंजिनाला स्वच्छ, कोरडे व हवाविरहित इंधन पुरेशा प्रमाणात न पोहोचल्याने ते चालता चालता मंदावणे, हिसके देणे अथवा पूर्णपणे थांबणे होय. मासेमारी नौका, प्रवासी लाँच, सहलीच्या बोटी आणि मोठी मालवाहू जहाजे या सर्वांमध्ये हा दोष आढळतो. रस्त्यावरचे वाहन बंद पडल्यास ते कडेला लावता येते. नौकेचे इंजिन थांबले की थोड्याच वेळात तिचे सुकाणूही निरुपयोगी होते, कारण सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच ते नौकेला वळवू शकते. त्यानंतर वारा, लाटा आणि भरती-ओहोटी नेतील तिकडे नौका वाहत जाते. म्हणून हा दोष यांत्रिक असला तरी त्याचा विचार सुरक्षिततेच्या अंगाने करावा लागतो.

मुंबई परिसरात ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा व मढ येथील मासेमारी नौकांवर मुख्यतः डिझेल इंजिने असतात. ठाणे खाडीतील लहान होड्यांवर छोटी डिझेल इंजिने किंवा नौकेच्या मागील फळीवर अडकवलेली बाह्य इंजिने दिसतात. बाह्य इंजिनाला बंदरावर सर्रास ओबीएम म्हणतात. दोन्ही प्रकारांत दोषाची कारणे बरीचशी सारखी असली तरी तपासणीची पद्धत वेगळी आहे.

पार्श्वभूमी

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये यशस्वीपणे चालले. इंधन फवारणारा आटोपशीर पंप बॉश कंपनीने १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवण्यास सुरुवात केल्यानंतर लहान आकाराची डिझेल इंजिने व्यवहार्य झाली. भारतात याच कंपनीची शाखा असलेल्या मायकोचे पंप व नोझल इतके रुळले की अनेक मेकॅनिक आजही कोणत्याही इंजेक्शन पंपाला 'मायको पंप' म्हणतात. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत कोकण किनाऱ्यावरील शिडाच्या होड्यांवर डिझेल इंजिने बसवण्यासाठी शासकीय कर्ज व अनुदान मिळू लागले आणि मच्छिमार सहकारी संस्थांच्या माध्यमातून यांत्रिकीकरण पसरले. नौकांवर बसवलेली पुष्कळशी इंजिने मुळात ट्रक किंवा शेतीपंपासाठी तयार झालेल्या इंजिनांची समुद्री रूपे आहेत. याचा एक फायदा असा की सुटे भाग व दुरुस्तीचे ज्ञान जमिनीवरही सहज मिळते. मात्र ट्रकची टाकी खाऱ्या पाण्यात डुलत नाही, नौकेची डुलते. इंधनदोषांचे निम्मे कारण या फरकात आहे.

इंधनाचा मार्ग

डिझेल इंजिनाला चालण्यासाठी हवा, पुरेसे संपीडन आणि योग्य वेळी फवारले जाणारे इंधन एवढेच लागते. यांत्रिक पंप असलेले इंजिन एकदा सुरू झाले की त्याला ठिणगीची गरज नसते. म्हणून चालू असलेले असे इंजिन आपोआप थांबले तर पहिला संशय इंधनावर घेतला जातो.

टाकीतून निघालेले डिझेल प्रथम झडपेतून (कॉक) पाणी वेगळे करणाऱ्या प्राथमिक फिल्टरमध्ये जाते. तेथून फीड पंप ते ओढून घेतो व सूक्ष्म फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे ढकलतो. प्राथमिक फिल्टरची जाळी साधारणपणे १० ते ३० मायक्रॉनची, तर दुसऱ्या फिल्टरची २ ते १० मायक्रॉनची असते. इंजेक्शन पंप अतिशय उच्च दाबाने ते नोझलपर्यंत पोहोचवतो. न वापरलेले इंधन परतीच्या नळीने टाकीत जाते.

या मार्गाचे दोन भाग लक्षात ठेवल्यास निदान बरेच सोपे होते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीखाली, म्हणजे वातावरणापेक्षा कमी दाबाखाली असतो. येथे नळीला बारीक भेग पडली किंवा फिल्टरच्या झाकणाखालची रबरी कडी जीर्ण झाली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. बाहेरून सारे कोरडे दिसते आणि दोष सापडत नाही. फीड पंपापासून पुढचा भाग दाबाखाली असल्याने तेथील गळती थेंबाथेंबाने दिसून येते. टाकी इंजिनापेक्षा उंचावर असेल तर पहिल्या भागातील गळतीही इंजिन थांबल्यावर बाहेर झिरपते. त्यामुळे अशा नौकांवर रात्रभर नळीखाली कागद किंवा कोरडे फडके पसरून ठेवणे ही एक साधी चाचणी ठरते.

कारणे

पाणी. इंधनातील पाणी हे सर्वांत सामान्य कारण आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी टाकीच्या तळाशी बसते. समुद्र शांत असताना ते तिथेच राहते आणि इंजिन व्यवस्थित चालते. लाटा वाढल्या की टाकी ढवळली जाते आणि पाणी व गाळ एकदम नळीच्या तोंडाशी येतात. इंजिन नेमके खराब हवामानातच का बंद पडते, या जुन्या तक्रारीचे उत्तर बहुधा हेच असते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्प गोठून पाणी साठते असे नेहमी सांगितले जाते. ते खरे असले तरी त्याचे प्रमाण अनेकदा वाढवून सांगितले जाते. पुष्कळ पाणी याहून साध्या वाटांनी येते: डेकवरील भरणीच्या झाकणाची झिजलेली रबरी कडी, हवानळीचे खाली राहिलेले तोंड, किंवा पिंपातून डिझेल ओतताना त्यात आधीच असलेले पाणी.

पाण्यामुळे इंजेक्शन पंपाच्या अत्यंत बारीक अंतर ठेवून बसवलेल्या भागांना गंज चढतो. या भागांना वंगण डिझेलचेच मिळते, पाण्याचे मिळत नाही. खारे पाणी असल्यास पंप काही दिवसांत निकामी होऊ शकतो.

बुरशी व जीवाणू. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिने ही बुरशी केरोसीन व डिझेलमधील हायड्रोकार्बनवर जगते आणि तिला 'केरोसीन बुरशी' असेही म्हणतात. तिच्या वाढीमुळे काळपट, चिकट, शेवाळासारखा थर तयार होतो आणि फिल्टर वारंवार तुंबतो. फिल्टर उघडल्यावर त्यात असा बुळबुळीत थर दिसला तर केवळ फिल्टर बदलून प्रश्न सुटत नाही, टाकी रिकामी करून घासावी लागते. बुरशीनाशक रसायनाने जंतू मरतात, परंतु मेलेला थर सुटून एकाच वेळी फिल्टरकडे येतो आणि औषध घातल्यावर दोष वाढल्यासारखा वाटतो. त्यामुळे औषधाच्या जोडीला काही फिल्टर हाताशी ठेवावे लागतात. पाणी काढून टाकले तर बुरशीला राहायला जागाच उरत नाही, हा यावरचा खरा उपाय आहे.

गंज व घाण. जुन्या पोलादी टाक्यांत गंजाचे पापुद्रे सुटतात. जस्ताचा मुलामा दिलेले पिंप किंवा टाकी डिझेलसाठी अयोग्य मानली जाते, कारण जस्ताची डिझेलमधील आम्लांशी क्रिया होऊन साबणासारखे संयुग तयार होते व ते फिल्टर व नोझलमध्ये जमते. टाकीतील नळीच्या तोंडाला बसवलेली बारीक जाळी हा आणखी एक छुपा दोष आहे. ती दिसत नाही आणि साफ करता येत नाही, पण तुंबते मात्र हमखास. अनेक मेकॅनिक ती काढून टाकून गाळण्याचे काम बाहेरच्या फिल्टरवर सोपवतात.

हवा. डिझेल दाबल्याने आकसत नाही, हवा आकसते. इंजेक्शन पंपात हवेचा फुगा गेला की पंपाचा दट्ट्या तो फुगाच दाबत राहतो, नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही आणि इंजिन थांबते. याला बोलीत इंजिनाने हवा धरली असे म्हणतात. टाकीतील डिझेल संपल्यावर, फिल्टर बदलल्यावर, किंवा ओढीच्या बाजूची गळती असल्यास हवा शिरते. टाकी पूर्ण रिकामी नसली तरी नौका एका बाजूला कलल्यास नळीचे तोंड उघडे पडून हवा शिरू शकते.

बंद हवानळी. टाकीतून जितके डिझेल जाते तितकी हवा आत यावी लागते. हवानळी रंगाने, मिठाच्या थराने किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्याने बुजली तर टाकीत पोकळी तयार होते. इंजिन काही वेळ चांगले चालते, मग मंदावते, थांबते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते आणि पुन्हा थांबते. भरणीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा 'फुस्स' असा आवाज आला तर निदान झालेच. बाह्य इंजिनाच्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक लहान स्क्रू असतो. तो उघडायचा राहून जाणे ही अनुभवी माणसाकडूनही होणारी चूक आहे.

पेट्रोल व इथेनॉल. बाह्य इंजिनांच्या बाबतीत पेट्रोलमधील इथेनॉलचा वेगळा विचार करावा लागतो. भारतात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते. इथेनॉल पाणी शोषून घेते. एका मर्यादेपर्यंत ते पाणी विरघळलेले राहते, पण ती मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन वेगळा थर तळाशी बसतो. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ही मर्यादा साधारणपणे अर्धा टक्का असते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत सुमारे १२५ मिलिलिटर, जेमतेम अर्धा पेला. इथेनॉलचे प्रमाण वाढल्यास मर्यादाही वाढते. मात्र थर सुटला की तळाशी बसणारे प्रमाणही तितकेच मोठे असते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, बहुधा ५० भागांस १ भाग. हे तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. टाकीची नळी तळातून ओढत असल्याने इंजिनाला तेलविरहित थर मिळतो. अशा वेळी इंजिन केवळ बंद पडले तर ते नशीबच, कारण चालत राहिल्यास पिस्टन जाम होण्याचा धोका असतो. अनेक बाह्य इंजिनांच्या माहितीपुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. त्यामुळे जुन्या इंजिनाच्या नळ्या, कार्ब्युरेटरचे रबरी भाग आणि फुगा वारंवार तपासावे लागतात. महिनोन्‌महिने न वापरलेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत आटून चिकट राळ बनते व बारीक छिद्रे बुजवते.

लक्षणांवरून निदान

इंजिन कसे थांबले हे तांडेलाने किंवा इंजिनवाल्याने नीट सांगितले तर अर्धे काम होते. मोकळे चालताना इंजिन ठीक असते, पण जाळे ओढताना किंवा वेग वाढवताना दम सोडते, हे तुंबलेल्या फिल्टरचे नेहमीचे लक्षण आहे, कारण कमी वेगाला लागणारे थोडे डिझेल तुंबलेल्या फिल्टरमधूनही जाते. वेग आपोआप चढउतार करू लागला तर हवेचा संशय घ्यावा. हिसके, पांढरा धूर आणि प्राथमिक फिल्टरच्या काचेच्या वाटीत तळाशी वेगळा थर दिसणे ही पाण्याची चिन्हे होत. सुरू झाल्यावर काही मिनिटांतच प्रत्येक वेळी बंद पडत असेल तर टाकीची झडप अर्धवट बंद असणे, हवानळी बुजलेली असणे किंवा ओढीची गळती असणे यांचा विचार करावा.

प्रत्येक वेळी दोष इंधनातच असेल असे नाही. इंजिन एका धक्क्यासरशी थांबले तर पंख्यात जाळे, दोर किंवा प्लास्टिक अडकल्याची शक्यता जास्त असते. ठाणे खाडीत हे वारंवार घडते. अशा स्थितीत इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास गिअर पेटी बिघडते. बाह्य इंजिनाच्या मनगटाला बांधायच्या सुरक्षा दोरीची चिमटी सुटली तरी इंजिन क्षणात बंद होते. काही डिझेल इंजिनांत इंजिन थांबवणारा विद्युत सोलेनॉइड असतो. त्याची तार सैल झाल्यास इंधन आपोआप तोडले जाते व सारा दोष डिझेलवर ढकलला जातो.

शंका दूर करण्याची सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे डबा लावून पाहणे. स्वच्छ डिझेलने भरलेला डबा इंजिनापेक्षा उंच ठेवून त्यातून थेट फीड पंपाला नळी जोडतात. परतीची नळीही त्याच डब्यात सोडावी लागते, अन्यथा डबा काही मिनिटांत रिकामा होतो आणि चाचणीच फसते. या डब्यावर इंजिन भाराखाली अर्धा तास व्यवस्थित चालले तर दोष टाकी, झडप, नळी किंवा प्राथमिक फिल्टर यांपैकी कशात तरी आहे. तसे झाले नाही तर तो पुढे, म्हणजे पंप, सूक्ष्म फिल्टर किंवा नोझलमध्ये शोधावा. किनाऱ्यावर फीड पंपाच्या ओढीच्या बाजूला पोकळीमापक लावूनही हीच माहिती मिळते: फिल्टर तुंबला की ओढ वाढते, हवा शिरत असेल तर काटा अस्थिर राहतो.

पाणी ओळखण्यासाठी टाकीच्या तळातील डिझेल पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवतात. काही वेळाने पाणी व गाळ तळाशी वेगळे दिसतात. पेट्रोल पंपांवर मोजपट्टीला लावतात ती पाणी तपासण्याची पेस्टही वापरता येते. पाण्याचा स्पर्श होताच तिचा रंग बदलतो. बाह्य इंजिनाच्या बाबतीत नळीवरील रबरी फुगा बरेच काही सांगतो. दाबूनही तो घट्ट होत नसेल तर हवा शिरत आहे किंवा टाकी रिकामी आहे. इंजिन चालू असताना तो चपटा होत असेल तर टाकीकडची वाट अडलेली आहे.

समुद्रात करावयाची कार्यवाही

इंजिन थांबताच सर्वप्रथम नौकेची स्थिती पाहणे आवश्यक असते. उथळ पाणी, खडक किंवा जहाजांचा मार्ग जवळ असेल तर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी नांगर टाकावा. दिवसा व रात्री नियमानुसार खुणा किंवा दिवे लावावेत व इतर नौकांना कळवावे. नौकेवरील सर्वांनी जीवनरक्षक जाकिटे घालावीत. त्यानंतरच इंजिनाकडे वळावे.

डिझेल इंजिनातून हवा काढण्याची रीत पुढीलप्रमाणे असते. टाकीची झडप पूर्ण उघडी असल्याची व टाकीत डिझेल असल्याची खात्री करतात. प्राथमिक फिल्टरच्या तळाचे पाणी काढतात व गरज असल्यास फिल्टर बदलतात. नवा फिल्टर डिझेलने भरून बसवला तर हवा काढण्याचे काम कमी होते. मात्र सूक्ष्म फिल्टरमध्ये न गाळलेले डिझेल ओतू नये, कारण ते सरळ पंपाच्या बाजूला जाण्याचा धोका असतो. त्यानंतर सूक्ष्म फिल्टरवरील हवेचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करून फीड पंपावरील हातपंप चालवतात. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे आणि शेवटी अखंड धार. धार लागल्यावर, हातपंप दाबून धरलेल्या स्थितीत, स्क्रू घट्ट करतात. हेच पुढे इंजेक्शन पंपावरील स्क्रूला करतात. एवढ्यावरही इंजिन सुरू झाले नाही तर एक-दोन नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून इंजिन फिरवतात व तेथून डिझेल उसळू लागताच नट आवळतात. तांब्याचे जुने वॉशर पुन्हा वापरल्यास तेथूनच हवा शिरण्याची शक्यता असते. म्हणून पेटीत काही नवे वॉशर ठेवणे स्वस्तात पडते.

ही शेवटची कृती केवळ यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी आहे. कॉमन रेल पद्धतीच्या आधुनिक इंजिनांत नळ्यांमधील दाब हजार बारहून पुष्कळ अधिक असतो. तेथे नट सैल करणे जीवघेणे ठरू शकते. यांत्रिक इंजिनातही उसळणाऱ्या डिझेलसमोर बोट धरू नये. सुईसारखी धार कातडीत शिरते, जखम बाहेरून क्षुल्लक दिसते, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते.

स्टार्टर मोटर एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक चालवू नये व मध्ये ती थंड होऊ द्यावी. ज्या नौकांमध्ये थंडाव्यासाठी घेतलेले समुद्राचे पाणी धुराच्या नळीतून बाहेर सोडले जाते, तेथे आणखी एक धोका आहे. इंजिन सुरू न होता वारंवार फिरवल्यास ते पाणी बाहेर फेकले जात नाही, सायलेन्सरमध्ये साचते आणि शेवटी सिलिंडरमध्ये शिरते. इंधनाचा किरकोळ दोष अशा रीतीने संपूर्ण इंजिनाच्या नाशापर्यंत जातो. म्हणून हवा काढताना समुद्रपाण्याची झडप बंद ठेवतात व इंजिन सुरू होताच लगेच उघडतात.

पेट्रोल इंजिनावर काम करताना दक्षता अधिक लागते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळात साचते व एका ठिणगीने पेट घेते. तळ मोकळ्या हवेने वारवल्याशिवाय स्विच लावू नये, आणि सुटी टाकी शक्यतो किनाऱ्यावर नेऊन भरावी.

दोष सापडत नसेल व नौका किनाऱ्याकडे किंवा खडकाकडे वाहत असेल तर मदत मागण्यास उशीर करू नये. व्हीएचएफ संचावर संकटसंदेशासाठी १६ क्रमांकाची वाहिनी (१५६.८ मेगाहर्ट्‌झ) राखीव आहे. भारतीय तटरक्षक दलाचा शोध व बचाव क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ आहे. तटरक्षक दलाचे सागरी बचाव समन्वय केंद्र मुंबईत आहे. मोबाइलचे जाळे किनाऱ्यापासून काही अंतरानंतर मिळत नसल्याने मासेमारी नौकांसाठी इस्रोने विकसित केलेले उपग्रहाधारित संकटसूचक यंत्रही वापरात आहे.

ठाणे खाडी व घाटकोपर परिसर

घाटकोपरच्या पूर्वेला पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरे व खारफुटीचा पट्टा असून त्यापुढे ठाणे खाडी आहे. ऐरोली पूल व वाशी पूल यांच्या दरम्यानच्या खाडीचा पश्चिम भाग २०१५ मध्ये ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या यादीत आला. भांडुप उदंचन केंद्राजवळून व ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटफेऱ्या निघतात. खाडीकाठच्या कोळीवाड्यांतील होड्यांची ये-जाही याच पाण्यातून होते.

खुल्या समुद्राच्या मानाने खाडी शांत असते, परंतु बंद पडलेल्या नौकेसाठी तिचे धोके निराळे आहेत. मुंबईत उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. ओहोटीत खाडीच्या दोन्ही बाजूंना विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे पडतात. पाणी सुकू लागलेले असताना इंजिन बंद पडले आणि नौका मुख्य प्रवाहातून बाजूला गेली तर ती चिखलात बसते व पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे कित्येक तास, तिथेच अडकते. चिखलात उतरून चालत काठ गाठण्याचा प्रयत्न करू नये, कारण कमरेपर्यंत रुतण्याची भीती असते. म्हणून खाडीत इंजिन थांबताच लांब बांबूने नौका खोल पाण्यात राखणे किंवा तिथेच नांगर टाकणे हे फिल्टर उघडण्याहून आधीचे काम ठरते. चिखलामुळे बाह्य इंजिनाचे थंडाव्याच्या पाण्याचे तोंड बुजणे हाही येथील नेहमीचा प्रकार आहे. इंजिन तापून बंद पडते आणि दोष पेट्रोलला दिला जातो. इंजिनाच्या मागून येणारी पाण्याची बारीक धार चालू आहे का, हे पाहिल्यास दोन्हींतला फरक कळतो.

फिल्टरमधून काढलेले पाणीमिश्रित डिझेल खाडीत ओतणे ही वाईट सवय आहे. तेलाचा पातळ थरही खारफुटीच्या श्वसनमुळांवर बसतो व चिखलातील ज्या सूक्ष्म जीवांवर रोहित जगतात त्यांना बाधतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा व खलिजिया या जहाजांच्या टकरीनंतर सांडलेले तेल परिसरातील खारफुटीपर्यंत पोहोचले होते. त्या मानाने एका होडीचे पेलाभर डिझेल नगण्य वाटते, पण ते रोज आणि एकाच अरुंद जागी पडते. असे डिझेल झाकणाच्या डब्यात साठवून किनाऱ्यावर आणणे एवढाच उपाय आहे.

पावसाळी बंदी व देखभाल

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. याच काळात नौका धक्क्यावर ओढून ठेवल्या जातात, आणि हाच मुंबईतील वर्षाचा सर्वांत ओला काळ असतो. इंधनदोषांचे बीज बहुतेक वेळा या दोन महिन्यांत पडते व हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या फेरीत ते उगवते. पारंपरिक मच्छिमार नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून नौका पाण्यात लोटतात. त्या दिवसापर्यंत टाकीतील डिझेल जुने, ढवळलेले व पाणी धरलेले असू शकते.

नौका उभी करण्यापूर्वी टाकीच्या तळातील पाणी काढून टाकावे आणि टाकी जवळपास पूर्ण भरून ठेवावी. उन्हाने डिझेल प्रसरण पावत असल्याने वर थोडी जागा सोडतात. टाकी भरून ठेवण्याला लागणारा पैसा ही येथील खरी अडचण आहे. हंगामाच्या अखेरीस हातात रोकड कमी असते आणि सहकारी संस्थांमार्फत मिळणारा डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा नंतर येतो. त्यामुळे टाकी रिकामी ठेवण्याकडे कल असतो. भरून ठेवणे परवडत नसेल तर अर्धवट ठेवण्यापेक्षा टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, झाकण घट्ट लावणे अधिक बरे. डेकवरील झाकणाची रबरी कडी दरवर्षी बदलावी व हवानळीचे तोंड खालच्या दिशेने वाकवून त्यावर बारीक जाळी बसवावी, म्हणजे पाऊस व कुंभारीण माशी दोघांचाही बंदोबस्त होतो. बाह्य इंजिन ठेवताना पेट्रोलची नळी काढून ते बंद पडेपर्यंत चालवतात, जेणेकरून कार्ब्युरेटर रिकामा होतो. चालवताना त्याला थंडाव्याचे पाणी मिळत राहील याची काळजी घ्यावी लागते.

हंगामाच्या पहिल्या फेरीपूर्वी इंजिन धक्क्याला बांधून भाराखाली काही वेळ चालवणे व त्यानंतर लगेच प्राथमिक फिल्टरची वाटी पाहणे उपयुक्त ठरते. नौकेवर किमान दोन-दोन फिल्टर, तांब्याचे वॉशर, नळीचे तुकडे, क्लिपा, स्वच्छ डिझेलचा एक डबा आणि हवेच्या स्क्रूला लागणारा नेमका पाना असावा. हा पाना घरी राहिल्याने ओढून आणाव्या लागलेल्या नौका थोड्या नसतात.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे, दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा जास्त गंधक नसलेले डिझेल विकले जाते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची नैसर्गिक वंगणक्षमता घटते, म्हणून शुद्धीकरण कारखान्यातच वंगण सुधारणारे द्रव्य मिसळतात. पाणी मिसळलेल्या डिझेलने जुन्या पंपांची झीज पूर्वीपेक्षा लवकर होते असे अनेक मेकॅनिकांचे म्हणणे आहे.

मोठ्या जहाजांतील घटना

हा दोष केवळ लहान नौकांपुरता मर्यादित नाही. ५ जानेवारी १९९३ रोजी नॉर्वेहून कॅनडाला निघालेले ब्रेअर हे तेलवाहू जहाज स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांजवळ वादळात बंद पडले. डेकवर बांधून ठेवलेले सुटे पाइप लाटांमुळे सुटून डिझेल टाक्यांच्या हवानळ्यांवर आदळले, त्या तुटल्या आणि समुद्राचे पाणी डिझेलमध्ये शिरले. मुख्य इंजिन व पाठोपाठ विजेचे जनित्रही थांबले. जहाज खडकांवर आदळले व त्यातील सुमारे ८४,७०० टन कच्चे तेल समुद्रात गेले. जहाजावरील सर्व ३४ जणांची सुटका झाली. होडीच्या मालकाने डेकवरील हवानळी का तपासावी, याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागत नाही.

२०२२ च्या सुरुवातीस सिंगापूर येथे क्लोरीनयुक्त हायड्रोकार्बनने दूषित झालेले जड इंधन सुमारे २०० जहाजांना पुरवले गेले आणि त्यांपैकी सुमारे ८० जहाजांच्या पंप व इंजिनांत बिघाड झाले. हे दूषण फिल्टरने अडणारे नव्हते व नेहमीच्या चाचण्यांत दिसत नव्हते. अशा प्रसंगांसाठी मोठ्या जहाजांवर इंधन घेताना त्याचा सीलबंद नमुना जपून ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लहान नौकेवर तसा नियम नसला तरी प्रत्येक भरणीच्या वेळी एक बाटली डिझेल तारीख लिहून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. विक्रेत्याशी वाद झाल्यास ती बाटलीच पुरावा ठरते.